स्टिकरखालचा रंग

वाहनाच्या अंगावरचा जुना स्टिकर काढल्यावर त्याच्याच आकाराचा, भोवतालच्या रंगापेक्षा गडद किंवा अधिक चकचकीत असा जो ठसा मागे उरतो, त्याला या लेखात ‘सावली’ म्हटले आहे. ही सावली दिसली की वाहनमालकाचा, आणि पुष्कळदा कारागिराचाही, पहिला समज असा होतो की स्टिकरने त्या जागचा रंग बिघडवला. त्यामुळे दुरुस्तीचा हात नेमका त्या ठशावरच चालवला जातो, तो घासला जातो, त्यावर थिनर फिरवला जातो किंवा तेवढ्याच तुकड्यावर नवा रंग मारला जातो. वस्तुस्थिती उलटी आहे. झाकला गेलेला तुकडा हाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या मूळ रंगाच्या सर्वांत जवळचा असतो, आणि ऊन, पाऊस, धूळ व निष्काळजी धुणे यांनी ज्याचे रूप पालटलेले असते ते त्याच्या भोवतीचे सगळे अंग होय. म्हणूनच या दुरुस्तीचा विचार ठशापासून नव्हे, तर भोवतालच्या पत्र्यापासून सुरू व्हावा लागतो, आणि एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे चांगल्या अवस्थेतील मूळ रंग कायमचा गमावल्याची उदाहरणे गॅरेजांमध्ये सर्रास पाहायला मिळतात.

कोल्हापुरात हा प्रश्न अधिक ठळकपणे समोर येतो, कारण या शहरात आणि जिल्ह्यात वाहनावर काहीतरी लिहिलेले असणे हाच नियम असून कोरे वाहन हा अपवाद आहे. रिक्षांची सजावट हा येथील लोकांच्या अभिमानाचा विषय आहे आणि सुंदर रिक्षांच्या स्पर्धाही येथे भरतात; रिक्षावर, टेम्पोवर, मोटारीच्या काचेवर आणि बॉनेटवर अंबाबाईचे, ज्योतिबाचे नाव, तालमीचे नाव, पेठेतील फुटबॉल संघाचे नाव, मुलाबाळांची नावे हौसेने लावली जातात. खासगी प्रवासी वाहतुकीच्या, म्हणजे इकडच्या बोलीत वडापच्या, जीपवर गावांची नावे असतात, दुधाच्या टेम्पोवर संस्थेचे नाव असते आणि उसाच्या ट्रॅक्टरवर मालकाच्या पसंतीचे काहीही असू शकते. चिकट पाठीच्या रंगीत प्लास्टिक पातळ्यातून, म्हणजे फिल्ममधून, ही अक्षरे कापून लावण्याच्या कामाला बाजारात सरसकट ‘रेडियमचे काम’ म्हणतात, मग ते पातळे रात्री दिव्याच्या उजेडात चमकणारे असो वा नसो. हे लिखाण कायमचे नसते. रिक्षा विकली जाते, भागीदारी मोडते, पिवळ्या पाटीची प्रवासी मोटार खासगी नोंदणीत येते, आणि निवडणूक संपली की प्रचाराचे स्टिकर उतरवावेच लागतात. कोल्हापूरने 2024 साली 7 मे रोजी लोकसभेसाठी आणि 20 नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान केले, तेव्हा एकाच वर्षात दोनदा असे स्टिकर चढले आणि उतरले. मात्र महिना-दीड महिना राहिलेला प्रचाराचा स्टिकर आणि सहा-सात वर्षे राहिलेले तालमीचे नाव यांच्या खुणांत मूलतः फरक आहे: पहिल्याच्या मागे बहुधा केवळ चिकटा राहतो, तर दुसऱ्याच्या मागे काळ राहतो, आणि दोन्हींवर एकच उपाय करणे ही पहिली चूक ठरते.

हा प्रश्न तसा अलीकडचाच आहे. कोल्हापुरात ‘पेंटर’ हा शब्द आडनावासारखा मिरवला गेला आहे; नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आणि पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारणारे बाबूराव कृष्णराव मेस्त्री (1890–1954) हे चित्रपट काढूनही बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखले गेले. कुंचल्याची ही परंपरा पाट्यांवर, ट्रकच्या फाळक्यांवर आणि रिक्षांच्या पाठीवर पुढे चालत राहिली, आणि त्या काळी अक्षर पत्र्यावर इनॅमलने, म्हणजे तेलाधारित चमकदार रंगाने, लिहिले जात असल्यामुळे ते काढण्याचा प्रश्नच येत नसे. नाव बदलायचे झाले तर फाळका घासून पुन्हा रंगवला जाई. संगणकावर रेखाटलेले अक्षर पात्याने कापून देणारी प्लॉटर यंत्रे आल्यानंतर लिखाण स्वस्त झाले, एका तासात होऊ लागले आणि काढता येण्याजोगेही झाले. सावलीचा प्रश्न या सोयीच्या पोटी जन्माला आला आहे.

सावली कशामुळे पडते हे समजण्यासाठी रंगाचे थर पाहावे लागतात. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर सर्वांत खाली विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो, त्यावर प्राइमर, त्यावर प्रत्यक्ष रंग असलेला बेसकोट आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर, ज्याला क्लिअर असेही म्हणतात, असे चार थर असतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या ते सातव्या हिश्शाएवढी असते. त्यातले लॅकर 40 ते 50 मायक्रॉनचे आणि खुद्द रंगाचा बेसकोट त्याहूनही पातळ, 15 ते 20 मायक्रॉनच्या आसपास असतो. लॅकरमध्ये अतिनील किरण शोषून घेणारी आणि किरणांमुळे सुरू होणारी विघटनाची साखळी तोडणारी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ती वर्षानुवर्षे उन्हात खर्ची पडत जातात. जुन्या जीपा, रिक्षा, ट्रॅक्टर आणि अनेक मालवाहू वाहने यांच्यावर मात्र लॅकर नसते. रंग आणि चमक एकाच थरात असते, त्यास एकथरी रंग म्हणता येईल, आणि त्याचे म्हातारपण वेगळ्या रीतीने येते. त्यातील बांधणारा घटक, म्हणजे रंगकणांना धरून ठेवणारा रेझिन, वरच्या वर झिजतो, रंगकण मोकळे पडतात आणि हात फिरवल्यास बोटांना भुकटी लागते.

कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. ऑगस्टमध्ये पावसाळी ढग त्याला अडवतात, परंतु मेमध्ये आकाश बहुतेक मोकळे असते, आणि त्या दिवसांत बॉनेट, टप व डिकीचे झाकण यांच्यावर ऊन सरळ कोसळते, तर दारांच्या उभ्या पत्र्यावर ते तिरके घसरून जाते. त्यामुळे एकाच मोटारीवर, एकाच दिवशी लावलेल्या दोन स्टिकरांपैकी बॉनेटवरच्याची सावली गडद आणि दारावरच्याची फिकट निघते. रोज एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहणाऱ्या वाहनाच्या दोन कुशींतही असाच फरक पडतो, आणि रिक्षाथांब्यावरच्या रिक्षांमध्ये तो सहज ओळखू येतो.

रंगाची जातही तितकीच महत्त्वाची आहे. पांढऱ्यात वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड आणि गेरूच्या कुळातील लोहाचे तांबडे ऑक्साइड हे खनिज रंगकण उन्हाला दाद देत नाहीत, मात्र झगझगीत लाल रंगासाठी लागणाऱ्या अनेक सेंद्रिय रंगकणांचे रेणू अतिनील किरणांनी तुटतात आणि लालाचा गुलाबी होऊ लागतो. म्हणून पांढऱ्या टेम्पोवरची सावली ही बहुधा चमकेची आणि मळाची असते व ती निघते, तर लाल मोटारीवरची सावली खऱ्या अर्थाने रंगाची असते व ती सहसा निघत नाही. चित्रांच्या जतनशास्त्रात याच घटनेचा उपयोग पुराव्यासारखा केला जातो. पिएर-ओग्युस्त रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचे 1883 मधील मादाम क्लापिसाँ यांचे व्यक्तिचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची चौकट काढली असता चौकटीखाली झाकलेल्या कडेवर तेजस्वी तांबडा रंग शाबूत असल्याचे दिसले, तो कोचिनील किड्यापासून केलेल्या, उन्हात टिकाव न धरणाऱ्या रंगाचा असल्याचे तपासणीतून निश्चित झाले, आणि त्या आधारे मूळ चित्र कसे दिसत असेल याची प्रतिकृती 2014 साली लोकांपुढे ठेवता आली. तेथील तज्ज्ञांनी झाकलेल्या कडेला डाग मानले नाही, तिला साक्षीदार मानले, आणि मोटारीवरच्या सावलीकडेही याच दृष्टीने पाहायला हवे.

उन्हाच्या जोडीला कोल्हापूरची म्हणून काही खास द्रव्ये आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने आहेत. ओतकाम आणि घासकाम यांतून उडणारे लोखंडाचे बारीक कण आसपास उभ्या असणाऱ्या वाहनांच्या लॅकरमध्ये रुततात, तेथे गंजतात आणि पांढऱ्या रंगावर तांबूस ठिपक्यांच्या रूपाने दिसू लागतात. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि पेटवलेल्या पाचटातून येणारी काळी राख दवाने ओल्या झालेल्या टपावर बसते, आणि ती कोरड्या फडक्याने पुसली गेली की असंख्य बारीक ओरखडे उठतात. चैत्रात वाडी रत्नागिरीच्या ज्योतिबाच्या यात्रेला जाऊन आलेल्या वाहनावर गुलाल असतो. तो इतर ठिकाणी धुऊन जातो, परंतु स्टिकरच्या उचकलेल्या कडेच्या चिकट्यात अडकला तर अक्षराभोवती गुलाबी रेघ धरून बसतो. झाकलेला भाग या सगळ्यांपासून सुटलेला असतो. म्हणजे सावलीत प्रत्यक्षात चार वेगवेगळे फरक एकत्र झालेले असू शकतात: उरलेला चिकटा, भोवतालचा रुतलेला मळ, चमकेतील फरक आणि रंगकणांतील फरक. यांपैकी कोणता किती आहे हे ठरवल्यावाचून काम सुरू करू नये.

हे ठरवण्याची एक बिनखर्चाची चाचणी आहे आणि ती प्रत्येक वाहनमालकाने स्वतः करून पाहावी. वाहन उन्हाआड घेऊन, पत्रा थंड झाल्यावर आणि धुऊन कोरडा केल्यावर, ठसा आणि त्याच्या भोवतीचा वीतभर भाग स्वच्छ पाण्याने भिजवावा आणि पाण्याचा थर अखंड असेपर्यंत समोरून व तिरक्या नजरेने पाहावे. खडबडीत झालेल्या पृष्ठभागातील सूक्ष्म खळगे पाण्याने भरले की प्रकाश इतस्ततः न विखुरता सरळ परततो, त्यामुळे जो फरक केवळ चमकेचा असतो तो ओलेपणी नाहीसा होतो आणि पाणी वाळू लागताच कडेपासून पुन्हा उमटू लागतो. ओला असतानाही ठसा तसाच दिसत राहिला तर फरक रंगकणांचा आहे असे समजावे. या चाचणीला दोन जोड द्याव्यात. एक म्हणजे पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन नजरेआडच्या जागी घासावे. फडक्याला वाहनाचा रंग लागला तर रंग एकथरी, न लागला तर वर लॅकर आहे. दुसरी म्हणजे रंगाची जाडी मोजणारे मीटर, जे आता बऱ्याच गॅरेजांत असते. ते पत्र्यावर 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास आकडा दाखवत असेल तर रंग मूळचा आहे, 200 ते 300 दाखवत असेल तर पूर्वी एकदा रंगकाम झालेले आहे, आणि आकडा त्याहून बराच वर गेला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे भरण्याची पुट्टी, आहे. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधे मीटर चालत नाही.

स्टिकर निघण्याची रीतही पुढचे अर्धे काम ठरवते. बाजारात मिळणारे स्वस्त पातळे लाटून तयार केलेले असते आणि तीन ते पाच वर्षांत आकसते व कडक होते. द्रवरूपात ओतून तयार केलेले महाग पातळे सात ते दहा वर्षे मऊ राहते. कडक झालेले पातळे नखाएवढ्या तुकड्यांत तुटते, आणि मग घाईने पत्र्याची पट्टी किंवा ब्लेड हाती घेतले जाते, जे कधीही करू नये. गरम हवेच्या बंदुकीने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने तुकडा हाताला सोसेल त्याहून किंचित अधिक तापवून, पातळे स्वतःवरच दुमडत पत्र्याशी लगटून सावकाश ओढावे. उभे ओढल्यास, आणि विशेषतः खाली पूर्वी केलेले रंगकाम असल्यास, रंगही सोबत उचलला जातो. राहिलेल्या चिकट्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा निलगिरीचे तेल पुरते, चिकटा जाड असल्यास फडके त्यावर काही मिनिटे भिजत ठेवावे आणि प्लास्टिकच्या पट्टीने लोटावे. रॉकेलने चिकटा निघतो, पण तेलकट पापुद्रा राहून खरा रंगफरक झाकला जातो, म्हणून नंतर साबणाने धुतल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. गॅरेजमधला थिनर मात्र दूरच ठेवलेला बरा, कारण तो कारखान्याच्या भट्टीत पक्व झालेल्या लॅकरला एखादे वेळी सोसतो, परंतु नंतर केलेल्या रंगकामाला आणि एकथरी इनॅमलला तो मऊ करून सुरकुतवतो.

यानंतर सबंध पत्रा, म्हणजे एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचा भाग, शाम्पूने धुऊन क्लेने घासावा. क्ले म्हणजे रंगावर रुतलेले कण ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी. भरपूर साबणपाण्यावर ती फिरवली की ओतकामाचे लोहकण आणि राखेचा थर निघून येतो, आणि पांढऱ्या वाहनावर कित्येकदा सावलीचा मोठा हिस्सा येथेच नाहीसा होतो. उरलेली सावली चमकेची असेल तर रबिंग, म्हणजे बारीक अपघर्षक कण असलेल्या कंपाउंडने वरचा मृत थर कमी करणे, हा खरा उपाय ठरतो. येथे मूळ तत्त्वाचा पुन्हा उपयोग होतो: ठशावर मास्किंग टेप लावून तो झाकावा आणि कंपाउंड भोवतालच्या अंगावर चालवावे, कारण झिजवायचे आहे ते तेथे आहे आणि ठशाखालचे लॅकर पूर्ण जाडीचे असून ते वाया घालवण्याचे कारण नाही. केवळ ठशाभोवती कड्यासारखे पॉलिश केले तर तेथे चकचकीत वलय उठते आणि एका सावलीच्या जागी दोन होतात, म्हणून काम संपूर्ण पत्र्यावर करावे.

सुरुवात नेहमी सौम्य द्रव्याने आणि मऊ फोमच्या पॅडने, हातभर जागेवर करावी. तेवढ्याने फरक पडला तर जोरकस कंपाउंडला हात लावण्याची गरज नसते. जोरकस कंपाउंडनेही भागले नाही तरच 2000 आणि मग 3000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह हलक्या हाताने चालवावा, आणि हा टप्पा अननुभवी हाताने घेऊ नये. प्रत्येक फेरीत लॅकरचे एक-दोन मायक्रॉन जातात, पेपरने त्याहून अधिक. एकंदर आठ मायक्रॉनच्या पलीकडे गेल्यास अतिनील किरण अडवणाऱ्या द्रव्यांचा वरचा, सर्वांत मोलाचा भाग संपतो, आणि आज चकाकणारा पत्रा दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सोडू लागतो. बॉडीच्या उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तेथे फिरते यंत्र क्षणभर जरी थबकले तरी प्राइमर दिसू लागतो, म्हणून त्या रेषांवर टेप लावून शेवटी त्या हाताने पुसाव्यात. सावली पुरेशी फिकी झाल्यावर टेप काढून सर्वात बारीक पॉलिशची एकच फेरी ठशासकट सगळ्यावर द्यावी, त्याने चमक एकसारखी होते, आणि वर मेण किंवा सीलंट लावून काम बंद करावे.

पाण्याच्या चाचणीत ठसा टिकून राहिला असेल, म्हणजे बेसकोटचेच रंगकण उडालेले असतील, तर कोणतेही पॉलिश ते परत आणू शकत नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अशा वेळी मळ काढून, चमक एकसारखी करून वाहन काही महिने उघड्यावर राहू देणे हा सर्वांत स्वस्त आणि अनेकदा सर्वांत योग्य मार्ग असतो. अनेक रंग सुरुवातीला वेगाने आणि पुढे संथपणे उडतात, त्यामुळे नव्याने उघडा पडलेला तुकडा आधीच उडालेल्या भागाच्या जवळ येत जातो. तो पूर्ण जुळेल असे नाही, परंतु दहा फुटांवरून दिसेनासा होणे बहुतेकांना पुरेसे असते. ज्याला थांबायचे नाही त्याच्यासाठी ठशाहून थोडे मोठे नवे अक्षर त्याच जागी बसवणे हा कोल्हापुरात सर्वाधिक चालणारा तोडगा आहे, आणि तो मुळीच कमी प्रतीचा नाही.

लॅकरचे पापुद्रे सुटले असतील किंवा फरक फारच ढोबळ असेल तर पुन्हा रंगकाम करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि येथे कारागिराची खरी परीक्षा होते. दाराच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेल्या रंग क्रमांकानुसार मिसळलेला रंग नव्या मोटारीशी जुळतो, सात वर्षे उन्हात राहिलेल्या मोटारीशी जुळत नाही. म्हणून शिवाजी उद्यमनगरासारख्या भागांतील मुरलेला पेंटर त्या क्रमांकाला केवळ आरंभ मानतो, चाचणीच्या पट्टीवर फवारा मारून ती पॉलिश केलेल्या शेजारच्या पत्र्याला लावून उन्हात पाहतो आणि थेंबाथेंबाने शेड फिरवतो. फवारा शेजारच्या पत्र्यात विरत नेणे, म्हणजे रंगाची कड कोठे संपली हे डोळ्याला कळू न देणे, आणि लॅकर मात्र सांध्यापर्यंत सलग मारणे, ही दोन पथ्ये पाळली नाहीत तर स्टिकरच्या सावलीऐवजी रंगकामाचा चौकोन दिसू लागतो. मूळच्याच रंगाने केलेल्या या दुरुस्तीला नोंदणीत बदल लागत नाही. संपूर्ण रंगच बदलला तर मात्र नोंदणी पुस्तकात तशी दुरुस्ती प्रादेशिक परिवहन कार्यालयातून करून घ्यावी लागते.

या कामांना ऋतूही असतो. खंडेनवमी आणि दसऱ्याला वाहनांची पूजा होते, म्हणून नवरात्रापूर्वीच्या पंधरवड्यात गॅरेजांकडे कामाची रीघ लागते, आणि नेमके तेव्हा परतीच्या पावसाने हवा दमट असते. फवाऱ्यातील थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर हवेतील ओल धरते आणि लॅकर धुरकट पांढरे पडते. हार्डनर मिसळलेल्या लॅकरमध्ये ओलाव्याशी थेट रासायनिक क्रियाही होते व बारीक फोड उठतात. बंदिस्त, तापवलेले बूथ नसलेल्या ठिकाणी म्हणूनच दसऱ्यापूर्वी फक्त धुणे, क्ले आणि रबिंग करून घ्यावे आणि फवाऱ्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखावे. नव्या रंगावर लगेच रेडियम लावण्याचा आग्रह गिऱ्हाईक धरतेच. परंतु हवेवर वाळलेल्या रंगातून सुमारे महिनाभर द्रावक बाहेर पडत राहतो आणि वर पातळे असल्यास त्याखाली फुगवटे धरतात, तेव्हा तेवढा महिना जाऊ द्यावा, आणि मग अक्षर बॉनेटऐवजी दारावर किंवा मागच्या काचेवर बसवावे, कारण दारावर ऊन तिरके पडते आणि काचेचा रंग उडत नाही.